एल आकाराची प्रीकास्ट रिटेनिंग वॉल: फक्की मारण्यापासून पहिल्या पावसाळ्यापर्यंत

दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये मला एकाच धाटणीचे फोन येतात. "भिंत मार्चमध्ये उभी केली, आता पुढे झुकलीय, काय करू?" ही भिंत म्हणजे मागची माती अडवणारी, कारखान्यातून तयार येणाऱ्या एल आकाराच्या काँक्रीट युनिटची. जाऊन बघावं तर युनिट ठणठणीत असतात. काँक्रीट चांगलं, कडा सरळ, कुठे तडा नाही. बिघडलेलं असतं ते भिंतीखाली आणि भिंतीमागे, म्हणजे जे कोणाला दिसत नाही ते.

प्रीकास्टमध्ये उभारणी झटपट होते. बेड (भिंतीखालचा तयार तळ) असेल तर दिवसाला वीस-पंचवीस मीटर भिंत सहज उभी राहते. ते पाहून मालकालाही वाटतं आणि मुकादमालाही वाटतं की पुढचा भराव असाच दोन दिवसांत उरकावा. बहुतेक भिंती इथेच फसतात. उभारणी हा या कामातला सर्वांत छोटा टप्पा आहे.

हा लेख १.५ ते ३ मीटर उंचीच्या एल आकाराच्या युनिटपुरता आहे. प्लॉटिंग, सोसायटीचा अंतर्गत रस्ता, शाळेचं मैदान, शेडसाठी केलेला भराव अशा कामांत हीच वापरतात. उड्डाणपुलाच्या रॅम्पला दिसते ती पॅनेल आणि मातीत पुरलेल्या पट्ट्यांची आरई वॉल वेगळी, तिच्यासाठी आयआरसी एसपी १०२ आहे. तिथले नियम इथे लावू नका आणि इथले तिथे नेऊ नका. ३ मीटरच्या वर गेलात तर खालचे आकडेही विसरा आणि संपूर्ण डिझाइन नव्याने करून घ्या.

दोन शब्द पुढे सारखे येतील. युनिटचा उभा भाग म्हणजे स्टेम. मागे मातीखाली जाणारा आडवा पाय म्हणजे हील.

## आधी दोन हिशेब

हे हिशेब डोक्यात बसले की पुढचा क्रम पाठ करावा लागत नाही.

पहिला हिशेब पाण्याचा. भिंत ३ मीटर उंच, मागे चांगला मुरूम, त्याचा घर्षणकोन (मातीचे कण एकमेकांना किती अडवतात त्याचं माप) ३० अंश आणि वजन घनमीटरला १८ किलोन्यूटन धरू. कोरड्या मातीचा आडवा दाब एका रनिंग मीटरवर सुमारे २७ किलोन्यूटन येतो, म्हणजे पावणेतीन टन. तोच भराव वरपर्यंत पाण्याने भरला तर नुसत्या पाण्याचा दाब ४४ किलोन्यूटन होतो. मातीचा दाब थोडा घटतो, पंधराच्या आसपास येतो. दोन्ही मिळून साठ किलोन्यूटन, म्हणजे सहा टन. भिंत तीच, माती तीच, पण भार दुपटीच्या वर. शिवाय पायाखाली शिरलेलं पाणी भिंतीला उचलून धरतं, त्यामुळे घर्षण कमी होतं ते वेगळंच.

दुसरा हिशेब वजनाचा. ३ मीटर उंच, १ मीटर रुंद आणि २.१ मीटर पायाचं युनिट साधारण पावणेतीन टन भरतं. त्याच्या हीलवर बसलेली माती नऊ टनांच्या वर जाते. एल भिंत उभी राहते ती या मातीच्या जोरावर, काँक्रीटच्या वजनावर नाही. म्हणून हीलवरची माती सैल, ओली किंवा चुकीची असेल तर भिंतीला आधार उरत नाही.

## टप्पा १: जागा ओळखा

भराव की कटिंग? तुमची जमीन उंच करून शेजारच्या खालच्या जागेकडे भिंत घालायची असेल तर हील तुमच्याच भरावाखाली जातो. एल युनिट यासाठीच आहे. पण शेजारची जमीन वर आणि तुमची खाली असेल तर हील शेजाऱ्याच्या हद्दीत जातो. त्यासाठी त्याची जमीन खोदावी लागते, लेखी संमती लागते आणि खोदलेला उभा काठ भराव होईपर्यंत सांभाळावा लागतो. अशा जागी बहुधा दुसऱ्या प्रकारची भिंत घ्यावी, किंवा भिंत हीलच्या मापाइतकी आत घ्यावी. हा निर्णय ऑर्डर देण्याआधी करा.

खड्डे घ्या. भिंतीच्या लाइनवर दर १५-२० मीटरला एक, पायाच्या पातळीखाली निदान १ मीटर जाईल असा. काळी माती लागली तर ती पूर्ण काढायची. कोकणात वेगळा धोका आहे: वर कठीण जांभा दिसतो आणि त्याखाली पांढरट-पिवळी चिकणमाती निघते. उन्हाळ्यात ती कुदळीला दाद देत नाही, पाणी लागलं की लोण्यासारखी होते. जांभ्याचा पातळ थर पाहून "खडक लागला" म्हणणाऱ्याला आणखी अर्धा मीटर खोदायला लावा.

पाणी कुठून येतं आणि कुठे जाईल? हे शक्यतो पावसाळ्यातच बघून ठेवा. ते जमलं नसेल तर वाडीतल्या जुन्या माणसाला विचारा, झरा कुठे फुटतो हे त्याला ठाऊक असतं. आणि भरावाच्या बाजूला शोषखड्डा, सेप्टिक टाकी किंवा जुनी पाइपलाइन आहे का, हे नक्की तपासा. भिंतीमागचा शोषखड्डा म्हणजे बारा महिन्यांचा पाऊस. तो हलवल्याशिवाय भिंत सुरू करू नका.

## टप्पा २: डिझाइन आणि ऑर्डर

"३ मीटरची शंभर युनिट पाठवा" ही ऑर्डर नव्हे. कारखान्याचं ठरलेलं युनिट ठरावीक माती आणि ठरावीक भार धरून केलेलं असतं. ते तुमच्या जागेला चालतं की नाही, हे तुमच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरने तपासायचं असतं. त्याला पुढच्या गोष्टी लेखी द्या:

- मागचा भराव कोणत्या मातीचा, आणि त्याचा वरचा उतार किती
- वर काय येणार: रस्ता, पार्किंग, इमारत की नुसती बाग
- भिंतीवर कंपाउंड वॉल किंवा पत्र्याचं कुंपण चढणार का
- पुढच्या बाजूला पुढेमागे कोणी गटारासाठी खोदणार का

तिसरा मुद्दा लोक हमखास विसरतात. दीड मीटरच्या कंपाउंडवर वारा लागला की तो भार थेट स्टेमच्या पायाशी उतरतो. "नंतर बघू" म्हटलेलं कंपाउंड नंतर बांधलं जातंच, आणि त्या वेळी डिझाइन करणाऱ्याला कोणी विचारत नाही.

हिशेबात घसरणं आणि उलटणं दोन्ही तपासून घ्या. घसरण्याविरुद्ध निदान १.५ आणि उलटण्याविरुद्ध २ हा सर्वसाधारण प्रघात आहे. एल युनिटमध्ये बहुतेक वेळा घसरणंच निर्णायक ठरतं. म्हणून पाया उंचीच्या ६०-७० टक्के ठेवतात किंवा पायाखाली जमिनीत उतरणारा काँक्रीटचा दात घेतात, त्याला 'की' म्हणतात. कोयना परिसरात आणि आसपास असाल तर भूकंपाचा भार धरलाय का, हे स्पष्ट विचारा.

ऑर्डरसोबत लाइनचं संपूर्ण ड्रॉइंग द्या: कोपरे कुठे, उंची कुठे बदलते, पाया कुठे पायरीने उतरतो. पायरीची लांबी युनिटच्या रुंदीच्या पटीत हवी, म्हणजे १ मीटरचं युनिट असेल तर ४, ५, ६ मीटर. कोपऱ्याचं युनिट वेगळं मागवायचं असतं. दोन साधी युनिट काटकोनात लावून मधली फट विटांनी भरलेली मी पाहिली आहे. त्या फटीतून दोन पावसाळ्यांत मागचा भराव वाहून गेला होता.

> तपासणी: ड्रॉइंगवर युनिटचा आडवा छेद आहे का? मुख्य सळ्या मातीकडच्या बाजूला दाखवल्या आहेत का? वीप होल (पाणी बाहेर सोडणारी भोकं) किती, कुठे, हे आहे का? यांतलं एक जरी नसेल तरी ऑर्डर थांबवा.

## टप्पा ३: दिवस मागून पुढे मोजा

मृग लागायच्या आत भराव वरपर्यंत, वरचं गटार पूर्ण, पाइपचं तोंड उघडं. इथून मागे मोजा. शंभर मीटर भिंतीला भरावाचे निदान चार-पाच आठवडे धरा, उभारणीचा एक, बेडचे दोन-तीन. त्यात खोदाईचे आणि अडलेल्या दिवसांचे आठवडे मिळवले की खोदाई फेब्रुवारीत तरी सुरू व्हायला हवी. दिवाळीनंतर लगेच झाली तर उत्तम. युनिट एप्रिलच्या शेवटी येणार असतील तर काम पुढच्या हंगामात ढकला. अर्धवट भरलेली भिंत पावसात उभी ठेवणं सर्वांत वाईट.

## टप्पा ४: खोदाई आणि बेड

१. लाइन-दोरी आणि गुनिया लावून फक्की मारा. खोदाईची रुंदी म्हणजे हीलचं माप आणि मागे काम करायला निदान पाऊण मीटर.

२. जुना उभा काठ मागे असेल तर सगळी लांबी एकदम उघडू नका. आठ-दहा मीटरचे तुकडे करा: एक उघडा, बसवा, भरा, मग पुढचा. दीड मीटरच्या वर खोल गेलात तर काठाला उतार द्या किंवा टेकू लावा. खोदाईच्या सुरक्षिततेसाठी आयएस ३७६४ आहे, सुपरवायझरला वाचायला द्या.

३. पाया पुढच्या जमिनीखाली निदान अर्धा मीटर असावा, भक्कम थरावर. जास्त खोदलं गेलं तर ती जागा मातीने भरून सारखी करू नका, पीसीसीनेच (बिनसळीच्या साध्या काँक्रीटने) भरा.

४. तळ धुम्मसने किंवा प्लेट कॉम्पॅक्टरने ठोका. त्यावर १५० मिमी खडीचा दाबलेला थर, त्यावर १०० ते १५० मिमी पीसीसी.

५. पीसीसीची लेव्हल ऑटो लेव्हलने दर मीटरला घ्या. फरक ५ मिमीच्या आत. नळीने घेतलेली लेव्हल इथे पुरत नाही.

पाचव्या पायरीवर कंटाळा करू नका. बेड पुढे-मागे १० मिमी उतरता राहिला तर दोन मीटरच्या पायावर उभ्या तीन मीटर स्टेमचा माथा १५ मिमी बाहेर जातो. शेजारचं युनिट तेवढंच आत असेल तर ३० मिमीची पायरी कोणाच्याही डोळ्यांत खुपते. मग मिस्त्री पाचर मारून ओळंबा जुळवतो आणि पावणेतीन टनांचं युनिट दोन लाकडी पाचरींवर उभं राहतं.

> सावधान: भिंतीच्या किंवा खोदलेल्या काठाच्या पायथ्याशी मजुरांच्या झोपड्या एक रात्रही नकोत. २९ जून २०१९ ला पुण्यात कोंढव्यात सोसायटीची सीमाभिंत शेजारच्या बांधकामावरच्या मजुरांच्या शेडवर कोसळली आणि १५ माणसं गेली. शेड उंचीच्या दुपटीइतकी तरी लांब, आणि शक्य असेल तर वरच्या बाजूला बांधा.

## टप्पा ५: माल उतरवून घेणं

चलनावर सही करण्याआधी गाडीवरच बघा. कास्टिंगची तारीख, युनिटचा प्रकार, क्यूब टेस्टचा (काँक्रीटच्या ताकदीच्या चाचणीचा) निकाल. स्टेम आणि हील जिथे मिळतात तो आतला कोपरा नीट न्याहाळा. तिथे हनीकोम्ब (पोळ्यासारखी पोकळ जागा) किंवा केसासारखी आडवी चीर दिसली तर ते युनिट परत पाठवा, कारण सगळा ताण तिथेच येतो. कडेचा टवका उडाला असेल तर तो दुरुस्त होतो, त्यावरून वाद घालू नका.

उचलताना फक्त कारखान्याने दिलेल्या अँकरला धरा. टीएमटी सळी वाकवून केलेला हूक दिसला तर उचलू देऊ नका. ती सळी वाकवलेल्या जागी अचानक तुटू शकते. स्लिंगचा आडव्याशी कोन ६० अंशांपेक्षा कमी होऊ देऊ नका. दोन पायांच्या स्लिंगमध्ये ६० अंशांना प्रत्येक पायावर वजनाच्या ५८ टक्के भार येतो, ३० अंशांना प्रत्येक पायावर पूर्ण वजन.

हायड्रा (चाकांवरची क्रेन) १२ किंवा १४ टनांचा आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ती क्षमता बूम जवळ असतानाची. बूम लांबवला की ती झपाट्याने घटते. ऑपरेटरकडून लोड चार्ट मागा आणि तुमच्या अंतराला किती उचलतो ते वाचून घ्या.

## टप्पा ६: उभारणी

१. कोपऱ्यापासून सुरुवात. कोपरा नसेल तर सर्वांत खालच्या पायरीपासून वर.

२. बेडवर १:३ चा जरासा घट्ट मॉर्टर २० मिमी पसरा. एका वेळी एकाच युनिटपुरता. पाया पूर्ण टेकला पाहिजे.

३. युनिट उतरवा, पण स्लिंग सैल करण्याआधी दोरी, ओळंबा आणि फट तपासा. शेजारच्या युनिटशी १०-१५ मिमी फट ठेवा.

४. ड्रॉइंगमध्ये मागे कल दिला असेल तर तेवढाच द्या. भराव झाल्यावर माथा थोडा पुढे येतो, हे त्यात धरलेलं असतं.

५. दर पाच युनिटनंतर मागे उभं राहून पूर्ण लाइन डोळ्याने बघा.

आता या कामातली सर्वांत घातक चूक. हद्दीपर्यंतची जागा मिळावी म्हणून किंवा मागची खोदाई वाचावी म्हणून युनिट उलटं बसवणं, म्हणजे पाय मातीखाली न जाता पुढे बाहेर. एका प्लॉटिंगवर मी अशी अडतीस युनिट ओळीने पाहिली. ठेकेदार म्हणाला, "एल तर एलच आहे, इकडून काय नि तिकडून काय." त्यात दोन गोष्टी एकदम गेल्या. पायावर बसणारी नऊ टन माती गेली, आणि मुख्य सळ्या ज्या बाजूला ताण येतो तिथून हटून भलत्या तोंडावर गेल्या. भराव दीड मीटर झाला होता आणि स्टेमच्या पायाशी, मातीकडच्या बाजूला, आडवी चीर पडायला सुरुवात झाली होती. सगळा भराव काढून अडतीसच्या अडतीस युनिट पुन्हा बसवावी लागली.

> तपासणी: भराव सुरू करण्याआधी मागच्या खंदकात उतरा. हील तुमच्या पावलांखाली दिसतोय? तो पीसीसीवर मागच्या कडेपर्यंत टेकलाय? कुठे पाचर राहिली आहे? हो, नाही, पाचर, प्रत्येक युनिटसमोर खडूने लिहा.

## टप्पा ७: निचरा आणि भराव

ही दोन कामं वेगळी धरू नका. ती एकाच वेळी, थराथराने वर चढतात. "आधी भरून घेऊ, मग खडी टाकू" हे शक्यच नसतं.

सांधे. मागच्या बाजूने प्रत्येक फटीवर ३०० मिमी रुंद जिओटेक्स्टाइलची (गाळणीसारख्या कापडाची) पट्टी चिकटवा. पाणी जाऊ द्यायचं, माती अडवायची. फटीत सिमेंट भरू नका. युनिटना थोडं हलायला मोकळीक लागते, आणि सिमेंटने पाण्याचीही वाट बंद होते.

पाइप. स्टेमच्या पायाशी, हीलवर, १५० मिमीचा छिद्रांचा पीव्हीसी पाइप टाका. भोकं खाली, उतार शंभरात एक. दर ३० मीटरला तो भिंतीबाहेर काढून उघड्या गटारात सोडा. बाहेरचं तोंड कुठे आहे, यावर रंगाने खूण करा.

खडीचा पडदा. स्टेमला लागून ३०० मिमी जाडीची, २० ते ४० मिमी खडीची उभी पट्टी, आणि माती व खडी यांच्यामध्ये जिओटेक्स्टाइल. कापड नसेल तर मातीचा गाळ एका पावसात खडीत शिरतो आणि पडदा नावाला उरतो. कापडाच्या जोडावर ३०० मिमी चढ ठेवा. वीप होल १०० मिमीचे, दीड-दोन मीटरवर, सर्वांत खालची ओळ पुढच्या जमिनीच्या जराशी वर.

भरावाची माती. चांगला मुरूम किंवा क्रशरचा माल. काळी माती, राडारोडा, झाडाची मुळं, पायाच्या खोदाईतली चिकणमाती काहीही नको. काळी माती पाणी धरते, फुगते आणि भिंतीला ढकलते. "साइटवर पडलीच आहे, वापरून टाकू" या एका वाक्याने पाडलेल्या भिंती मोजायला बसलो तर वेळ जाईल.

क्रम असा:

१. आधी भिंतीपुढचा खड्डा भरून दाबा. त्याचा पुढे सरकण्याला थोडा आधार होतो, आणि पुढे पाणीही साचत नाही.

२. मागे खडी, कापड आणि मुरूम एकत्र वर न्या. सैल थर २०० मिमी. भिंतीपासून दीड मीटरच्या पट्ट्यात १५० मिमी.

३. त्या दीड मीटरच्या पट्ट्यात फक्त प्लेट कॉम्पॅक्टर किंवा बेबी रोलर. मोठा व्हायब्रो रोलर त्यापलीकडे, भिंतीला समांतर. तो भिंतीकडे तोंड करून चालवला तर दाबाने युनिट पुढे सरकतं. ओळंबा धरून बसलात तर हे डोळ्यांनी दिसतं.

४. संपूर्ण लांबीभर भराव सारखा चढवा. एका टोकाला वरपर्यंत आणि दुसऱ्या टोकाला शून्य, असं नको.

५. डंपर भिंतीजवळ रिकामा करू नका. माल उंचीइतक्या अंतरावर टाका, मग जेसीबीने ओढा.

६. मुरूम कोरडा असेल तर पाणी शिंपडा, पण मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा आणि हाताला चिखल लागू नये इतकंच.

दर दोन-तीन थरांनी सॅण्ड रिप्लेसमेंटने (खड्ड्यात वाळू भरून मोजण्याच्या पद्धतीने) घनता तपासा, आयएस २७२० च्या भाग २८ प्रमाणे. हेवी कॉम्पॅक्शनच्या चाचणीत प्रयोगशाळेत आलेल्या कमाल घनतेच्या ९५ टक्के आली की पुढचा थर. नाही आली तर तोच थर पुन्हा. रोलरच्या फेऱ्या मोजून "झालं" म्हणणाऱ्यावर विसंबू नका.

> तपासणी: प्रत्येक मीटर भरावानंतर ओळंबा घेऊन माथ्याचा आकडा वहीत लिहा. ५ मिमी हललं तर लक्ष ठेवा. १५ मिमी हललं तर काम थांबवा आणि डिझाइन करणाऱ्याला बोलवा.

## टप्पा ८: माथा आणि पहिला पावसाळा

वरचे ३०० मिमी चिकट मातीने किंवा फरसबंदीने झाका आणि भिंतीपासून उलटा उतार द्या. भिंतीमागे पक्कं गटार करा आणि त्याचं पाणी टोकाकडून बाहेर काढा. छताचे पाइप भरावात सोडू नका. भिंतीच्या लगत पिंपळ, वड, बांबू लावू नका, पाण्याची आणि ड्रेनेजची लाइनही शक्यतो नेऊ नका. गळकी लाइन कित्येक महिने कोणाच्या लक्षात येत नाही.

मग पहिल्या मोठ्या पावसात, सर पडत असताना, छत्री घेऊन पायथ्याशी जा. वीप होलमधून स्वच्छ पाणी ठिबकत असेल तर पडदा काम करतोय. गढूळ पाणी आलं तर कापड कुठे फाटलंय, आणि मागे पोकळी होतेय. दोन दिवस धो धो पडूनही एक थेंब आला नाही तर ते चांगलं लक्षण समजू नका, वाट तुंबली आहे.

एकदा असाच कोरडा ठणठणीत वीप होल दिसला म्हणून मी सळी घातली, तर आतून सिमेंटच्या गोणीचा बोळा निघाला. मग शेजारच्यातून दुसरा, तिसरा. गढूळ पाणी रस्त्यावर येतं म्हणून सोसायटीत तक्रार झाली होती आणि सांगितल्याप्रमाणे वॉचमनने भोकं बुजवली होती. शेवटचा बोळा निघाला तेव्हा पाण्याची धार माझ्या छातीवर आली. त्या दिवसापासून मी भिंत ताब्यात देताना सोसायटीच्या सेक्रेटरीला, वॉचमनला आणि माळ्याला एकत्र उभं करून प्रत्येक भोक दाखवतो, आणि गेटवर मराठी-हिंदीत पाटी लावून घेतो.

माथ्यावरची कोपिंग (वरून झाकणारी काँक्रीटची पट्टी) आणि कुंपणाचे खांब दिवाळीनंतर करा. पहिल्या पावसाळ्यात भराव थोडा बसतो. त्याआधी ओतलेली सलग कोपिंग दर दोन-तीन युनिटवर चिरते. भराव बसून खड्डे पडले असतील ते आधी मुरमाने भरून दाबा, ओळंब्याचे आकडे वहीतल्या मे महिन्याच्या आकड्यांशी ताडून बघा, आणि माथा हललेला नसेल तरच कोपिंगची फळी लावा.